बैलाच्या वाट्याचे हुलगे

दिवसभर कोणी जवळ नसताना अन्न शिजू शकते, हे मी प्रथम दुष्काळातल्या चारा छावणीत पाहिले. तोवर शिजवणे म्हणजे चूल, आणि चूल म्हणजे तिच्यापुढे बसलेली बाई, एवढेच मला माहीत होते. त्या वर्षी छावणीत आमच्या छपरात राहिलेल्या माणसांपैकी आज मी एकटा उरलो आहे. म्हणून लिहून ठेवतो.

छावणी पाटोद्याच्या वाटेवर एका उघड्या माळावर होती. तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेने ती चालवायला घेतली होती. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. गावात कडबा संपला होता आणि विहिरींचे तळ कोरडे पडले होते. ज्याला जनावरे जगवायची होती त्याने ती घेऊन माळावर यावे, नेमून दिलेल्या जागेत स्वतः छप्पर घालावे आणि जनावरांजवळ राहावे, अशी रीत होती. आम्ही तिघे गेलो. माझे वडील, माझी पत्नी आणि मी. मुले थोरल्या भावाकडे ठेवली. बरोबर बैलांची जोडी होती.

वडिलांना नेण्याचा माझा विचार नव्हता. त्यांचे वय झाले होते आणि तोंडात एकही दात राहिला नव्हता. परंतु जोडीतला थोरला बैल त्यांनी वासरू असल्यापासून वाढवलेला होता. तोही आता म्हातारा होता. पुढचे दात झिजून हिरडीला लागले होते. मी गाडी जुंपली तेव्हा वडील कोणाला न विचारता तीत जाऊन बसले. मी त्यांना उतरवले नाही. उतरले नसते.

छावणीचे काही नियम होते. जनावरांचे शेण संस्थेचे होते. ते रोज गोळा होऊन जाई, म्हणून गोवऱ्या थापता येत नसत. माळावरच्या बाभळी पहिल्या पंधरवड्यातच खराट्यासारख्या झाल्या होत्या. जळण म्हणून जे मिळे ते उसाचे पाचट आणि काटक्या. त्याहून कडक नियम विस्तवाचा होता. दिवस कलला की कडा गावाच्या बाजूने उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्यांच्या, आणि कडब्याच्या गाड्या येत. त्या येण्याआधी छावणीतली प्रत्येक चूल विझलेली असली पाहिजे. सगळी छपरे पाचटाची होती आणि मधोमध चाऱ्याची गंज होती. एक ठिणगी पुरे होती. नियम योग्य होता. त्याविषयी माझी तेव्हा तक्रार नव्हती आणि आजही नाही.

अडचण अशी होती की सगळी कामे त्याच वेळेला येत. गाड्या आल्या की हजेरी होई. प्रत्येक जनावराजवळ त्याचा माणूस उभा असेल तरच चारा मिळे. त्याच सुमारास पाण्याचा टँकर येई आणि बायका घागरी घेऊन धावत. माझी पत्नी दिवसभर डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाच्या कामावर माती वाहत असे. ती परत येई तेव्हा चुली विझलेल्या असत. मी दिवसा चाऱ्याच्या गंजीवर आणि गाड्या आल्या की त्या उतरवण्याच्या कामावर असे. म्हणून संध्याकाळचे जेवण म्हणजे सकाळी थापलेली भाकरी, एवढेच उरले होते.

ती भाकरीही धड नव्हती. शिधापत्रिकेवर लाल ज्वारी मिळत असे. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता. भाकरी तव्यावरच चिरायची आणि संध्याकाळपर्यंत खापरीसारखी कडक व्हायची. आम्हा दोघांना दात होते. आम्ही ती मिरची-मिठाशी चावून गिळत असू. वडील ती पाण्यात भिजवून ठेवत. ती मऊ न होता विरघळत असे. दोन-चार घास घेऊन ते ताट सारून देत.

महिन्याभरात त्यांच्या गळ्याखालचे हाड दिसू लागले. चालताना ते बैलाच्या पाठीचा आधार घेऊ लागले. पत्नीने ते माझ्याआधी पाहिले होते. बोलली मात्र नाही. बोलले ते दुसरे लोक. टँकरपाशी बायका तिच्या पाठीमागे काहीबाही म्हणत, ते तिच्या कानावर येई. मला तोंडावर ऐकवले ते आमच्या समोरच्या छपरातल्या एका गृहस्थाने. आम्ही दोघे एकाच गाडीवर चारा उतरवत होतो.

"म्हातारा लई वाळायलाय बे," तो म्हणाला. "सून वाढती का नुसतं ताट दावती?"

मी पेंढी खाली टाकली आणि दुसरी उचलली. संध्याकाळी पत्नीला सांगितले नाही. तिला ते आधीच ठाऊक होते. वडील पाऊस पडेपर्यंत जगतात की नाही, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या छपरात उघड झाला. ते छावणीत वारले असते तर लोकांनी तिला दोष दिला असता. परंतु तिला लोकांचे भय होते असे मला वाटत नाही. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून वडिलांचे ताट तीच वाढत आली होती. आपण वाढलेले ताट अर्धे परत येते, हे तिला सहन होत नव्हते.

आमच्या डाव्या हाताला एक धनगर बाई होती. एकटीच होती. छावणीत मेंढरे घेत नसत, म्हणून तिच्या घरचे पुरुष मेंढरे घेऊन गोदाकाठी उतरले होते आणि दोन गायींपाशी तिला ठेवले होते. तिची जीभ धारदार होती. हजेरीला आलेल्या छावणीच्या मुकादमालाही ती सोडत नसे. संध्याकाळी सगळी छावणी थंड भाकरी मोडत असे, तेव्हा तिच्या छपरातून शिजलेल्या धान्याचा वास येई. चूल मात्र पेटलेली नसे. पुष्कळांना संशय होता की ती विस्तव लपवते. मुकादमाने एकदा छपरात वाकून पाहिलेही होते. त्याला एक घोंगडी आणि खड्डा याशिवाय काही दिसले नाही.

पत्नीने तिला सरळ विचारले. उत्तरही सरळ मिळाले. धनगरांचा तळ हलतो तेव्हा वाटेत चूल मांडायला सवड नसते. सकाळी निघताना गाडग्याला सणसणीत उकळी आणायची, तोंड घट्ट बांधायचे, घोंगडीत गुंडाळायचे आणि तट्टाच्या पाठीवर सामानात दाबून ठेवायचे. मुक्काम येईपर्यंत आतले धान्य आपल्याच उष्णतेने शिजते. येथे तट्टू नव्हते, म्हणून तिने जमिनीत खड्डा खणून त्यात पाचट भरले होते.

मीही तेथे उभा होतो. माझा विश्वास बसला नाही. तिच्या गाडग्याला हात लावायला गेलो तेव्हा तिने माझा हात बाजूला केला.

"उघडून काय बघताव भाऊ? पळून जातंय का त्ये? एकदा उघडलं की ऊब गेली. मंग रातभर बसा चावत."

आमच्याकडे घोंगडी एकच होती, वडिलांची. त्यांनी ती दिवसा द्यायला हरकत घेतली नाही. धान्याचा प्रश्न होता. लाल ज्वारी भरडून घेता येत होती, परंतु नुसत्या भरड्यात बळ नव्हते. त्याच आठवड्यात चौसाळ्याकडून पत्नीचा भाऊ भेटीला आला आणि त्याने एक पोतडीभर हुलगे आणून दिले. पत्नी त्या दिवशी प्रथमच हलक्या पावलांनी चालताना दिसली.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात हुलग्याचे माडगे करतात, शेंगोळे करतात, घरोघर खातात. आमच्या घरात मात्र हुलगे माणसांसाठी शिजत नसत. डोंगरउताराच्या एका तुकड्यात ते पेरले जात आणि पेरणीच्या दिवसांत शिजवून बैलांना घातले जात. त्या तुकड्याला आमच्याकडे बैलाचे रान म्हणत. असे का, ते कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. पत्नीच्या माहेरी हुलगे सगळे खात. तिच्या दृष्टीने ते साधे कडधान्य होते. आणि वडील त्यावर काही बोलले नाहीत, म्हणून मीही त्याचा विचार केला नाही.

ती रात्री हुलगे भिजत घालू लागली. पहाटे ज्वारीचा भरडा, मीठ आणि तिखट घालून ते चुलीवर चढवी. उकळी फुटली की भांड्याला फडके बांधी, घोंगडीत गुंडाळी, खड्ड्यात ठेवून वर पाचट आणि पोते दाबी, आणि कामावर जाई. संध्याकाळी हजेरी, पाणी आणि चारा आटोपून भांडे उघडले की वाफ येई. हुलगे बोटाने चिरडावे इतके मऊ झालेले असत. विस्तवाचा नियम मोडला नव्हता, वेळ मोडला नव्हता, आणि जेवण गरम होते. आठवड्याभरात आमच्या रांगेतल्या अनेक छपरांत खड्डे खणले गेले.

पहिल्या संध्याकाळी तिने वडिलांचे ताट भरले आणि त्यांच्या हातात दिले. ते ताट घेऊन नेहमीप्रमाणे थोरल्या बैलाशेजारी जाऊन बसले. जेवायला ते तेथेच बसत. थोड्या वेळाने ताट रिकामे आले.

"मामांनी समदं खाल्लं," ती मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने एक पळी जास्त वाढली. तेही ताट रिकामे आले.

असे बरेच दिवस चालले. ताट रिकामे येत होते आणि वडील वाळत होते. तिने आपल्या वाट्यातले काढून त्यांना वाढायला सुरुवात केली. मी ते पाहिले आणि माझ्या वाट्यातले थोडे तिच्याकडे सरकवले.  तलावाच्या कामावर एक सरकारी डॉक्टर येत असे. मी वडिलांना त्याच्याकडे नेले. त्याने पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली आणि विचारले, यांना जेवायला घालता का? मी म्हणालो, घालतो. तो माझ्याकडे पाहत राहिला.

परतताना वडील रस्त्याच्या कडेला दोनदा बसले. मी विचारले, पोटात दुखते का? ते म्हणाले, न्हाई. मी विचारले, जेवण पचत नाही का? ते म्हणाले, पचतंय की. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. कोणाला पचते ते सांगितले नव्हते.

उलगडा झाला तो असा. एके दिवशी चाऱ्याच्या गाड्या कमी आल्या आणि हजेरी लवकर संपली. मी छपराच्या मागच्या बाजूने आलो. उजेड अजून होता. वडील बैलाच्या तोंडाशी बसले होते. ते ताटातले हुलगे मुठीत घेऊन चांगले दाबत, गोळा करत आणि बैलाच्या गालात आत सारत. बैल सावकाश चघळत होता. त्याला वाढ्याचे दांडके चावता येत नव्हते. हे मला दिसत होते, रोज दिसत होते, तरी तो इतरांपेक्षा बऱ्या अंगाने कसा, हा प्रश्न मला पडला नव्हता. वडिलांनी शेवटी ताट पुसले आणि ते बोट मात्र स्वतःच्या तोंडात घातले.

मी समोर गेलो. ते दचकले नाहीत.

"आबा, ही कावून? असं का करताव?" मी विचारले.

"हुलगं त्याचंच हाय," ते म्हणाले.

"सूनबाईनं तुमच्यापायी शिजवलंय."

"शिजवून त्यालाच घालतेत. माझ्या बापानं कंदी हुलगं तोंडात घातलं न्हाई. त्यानं जल्मभर वढायचं अन् म्हातारपणी त्याच्या तोंडचं मी काढायचं?"

मी म्हणालो की तुम्ही मराल. ते म्हणाले, त्यो बी मरंल. आणि ताट घेऊन उभे राहिले. उभे राहताना त्यांना बैलाच्या शिंगाला धरावे लागले.

मी पत्नीला सांगितले. ती हातात पळी घेऊन भांड्यापुढे बसली होती. ती रागावेल असे मला वाटले होते. तिने पळी भांड्याच्या कडेला ठेवली.

"म्हंजी इतके दिवस मी बैलाला जेवू घातलं," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "अन् बाया मला म्हणायल्या, सासऱ्याला उपाशी ठिवती. खरंच ठिवलं की."

बैल विकावा, असे मी सुचवले. त्या वर्षी पाटोद्याच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाला एकाच प्रकारचे गिऱ्हाईक होते, आणि ते कोणते, हे आम्हाला सर्वांना माहीत होते. पत्नी नाही म्हणाली. ती म्हणाली की बैल गेला तर मामा दुसऱ्या दिवशी जातील. ते खरे असावे. मी विषय सोडला.

तोड तिनेच काढली. दुसऱ्या दिवशी भांडे उघडल्यावर तिने प्रथम एक भरलेली पळी घमेल्यात काढली आणि ते घमेले वडिलांच्या देखत थोरल्या बैलापुढे नेऊन ठेवले. मग ताट वाढून त्यांच्यापुढे आणले.

"मामा, त्याचं त्याला दिलं. आता ही तुमचं. ही त्याच्यातलं न्हाई."

वडील ताटाकडे पाहत राहिले. ती तेथून हलली नाही. शेजारची धनगर बाई तिच्या छपरातून हे सगळे पाहत होती.

"खा की बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "बैल काय वळखतोय, कुणाच्या ताटातलं हाय म्हून? अन् माझी गाय बघायली, तिला बी हुलगं पायजे म्हणंल."

वडील हसले नाहीत. परंतु त्यांनी घास घेतला. अर्धे ताट खाल्ले. उरलेले अर्धे त्यांनी बैलाला घातले आणि आम्ही ते पाहिले नाही असे दाखवले. तो हिशेब तिला मान्य होता. ती पळी कोणाच्या वाट्यातून गेली हे वडिलांना कळले नाही. तिच्या वाट्यातून गेली. ती रात्री भरड्याची खरवड आणि सकाळची भाकरी खाऊ लागली. दिवसभर माती वाहणारी बाई होती. मी तिला एकदा हटकले. ती म्हणाली, मला दात हायत.

या पद्धतीने काही आठवडे गेले. वडिलांच्या गालावर थोडे मांस आले असे म्हणणे जास्त होईल, पण ते उतरणीला लागलेले थांबले. ते पुन्हा आपल्या पायांनी छावणीतल्या टाकीपर्यंत बैल पाण्यावर नेऊ लागले. समोरच्या गृहस्थाने मला पुन्हा काही ऐकवले नाही. उन्हाळा संपत आला होता आणि दुपारी पश्चिमेकडे ढग दिसू लागले होते. ते वाऱ्याबरोबर निघून जात.

वारा हेच संकट होते. एका पहाटे तो असा सुटला की छपरांवरचे पाचट उडू लागले. पत्नीने भाकरी थापून नुकतेच भांडे चढवले होते. पाण्याला आधण येत होते, उकळी आलेली नव्हती. मुकादम काठी घेऊन रांगेतून धावत आला आणि प्रत्येक चुलीवर माती लोटू लागला.

"दादा, येक उकळी येऊ द्या," पत्नी म्हणाली.

"उकळीपायी छावणी जाळताव का बाई?" तो म्हणाला आणि चूल विझवली.

तो चुकला असे मी म्हणणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केले असते. पत्नीला कामावर पोहोचायचे होते. उशीर झाला तर तेथले मुकादम माणसाला परत पाठवत. तिने तसेच भांडे बांधले आणि घोंगडीत ठेवले. थोडी तरी ऊब आहे, काही तरी होईल, असे तिला वाटले.

संध्याकाळी भांडे उघडले तेव्हा वाफ आली नाही. हुलगे फुगले होते, पण दाताखाली कचकचत होते. भरडा खळीसारखा गिळगिळीत झाला होता. तिने एक दाणा चावून पाहिला आणि झाकण लावले.

"आज ही खायचं न्हाई," ती म्हणाली. "पोटात गोळा व्हईल. सकाळी पुन्यांदा उकळते."

बैलापुढेही तिने घमेले ठेवले नाही. आम्ही भाकरी खाल्ली. वडिलांनी भाकरी भिजवली, दोन घास घेतले आणि ताट सारले. भांडे खड्ड्यात परत ठेवले गेले.

वडिलांनी तिचे बोलणे ऐकले होते. त्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो त्यांच्या परीने बरोबर होता. माणसांनी हे खायचे नाही, असे ठरले होते. म्हणजे ते बैलाचे होते. आणि बैल त्या संध्याकाळी आपल्या वाट्याविना राहिला होता. पहाटे आम्ही उठण्याआधी त्यांनी भांडे काढले आणि आम्हा तिघांचे, आणि बैलाचे, सगळे हुलगे त्याला गोळ्यागोळ्याने खाऊ घातले. मग ते त्याला टाकीवर घेऊन गेले. बैल पोटभर पाणी प्याला.

दिवस वर आला तेव्हा बैलाची डावी कूस फुगू लागली होती. पत्नीने रिकामे भांडे पाहिले आणि तिच्या तोंडचा रंग गेला. कच्चे हुलगे पोटात पाणी धरून वाढत होते. जनावरांचा डॉक्टर छावणीत ठरलेल्या दिवशीच येई. तो दिवस नव्हता. धनगर बाईने आपल्याकडचे गोडे तेल आणले. मी बैलाची मान वर धरली आणि तिने बांबूच्या नळ्याने ते पाजले. त्याला उभा ठेवा, बसू देऊ नका, असे ती सांगत होती. आम्ही त्याला टेकू देऊन उभा ठेवला. पत्नी त्या दिवशी कामावर गेली नाही. वडील बैलाच्या कुशीवर दोन्ही हात ठेवून खालून वर चोळत होते. कूस ढोलासारखी वाजत होती.

दुपारी त्याचे पाय गेले. आम्हाला त्याला धरता आले नाही. बसला आणि मान लांबवली.

"मी त्याचंच त्याला दिलं," वडील म्हणाले. ते आम्हाला सांगत नव्हते.

धनगर बाई नेहमी बोलणारी होती. ती तेलाची रिकामी बाटली घेऊन आपल्या छपरात निघून गेली. मुकादम आला. त्याने हजेरीतून एक जनावर कमी केले. संस्थेची गाडी येऊन बैल घेऊन गेली. वडील गाडीमागे छावणीच्या काठापर्यंत चालत गेले आणि परत आले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. फक्त पाणी पीत होते. पत्नी सकाळी हुलगे उकळून, गुंडाळून कामावर जात होती आणि संध्याकाळी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवत होती. ते ताट सकाळी तसेच असे. मी त्यांना समजावले, नंतर रागे भरलो. त्यांनी दोन्ही ऐकून घेतले. समोरच्या गृहस्थाने मला बाजूला घेऊन विचारले, गावाकडं निरोप धाडायचा का? मी थांब म्हणालो. थांबून काय होणार होते, ते मला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या संध्याकाळी ती कामावरून आली, पाणी भरले, भांडे उघडले. त्या दिवशी हुलगे चांगले शिजले होते. तिचे हात आपल्या सवयीने चालत होते. तिने घमेले ओढले, पळी भरली आणि पळी घमेल्यावर आली तेव्हा थांबली. दुसरा बैल तरणा होता, त्याला वाढे चावता येत होते, त्याला हुलगे कधी दिले नव्हते. ती पळी तशीच धरून राहिली. भांड्यात परत टाकेना आणि घमेल्यातही टाकेना. मी तिच्याकडे पाहत होतो. वडीलही पाहत होते.

"सूनबाई," ते म्हणाले. तीन दिवसांत ते प्रथमच तिच्याशी बोलले होते. "ती बी मलाच वाढ."

तिने ती पळी त्यांच्या ताटात वाढली. मग नेहमीची वाढली. ते तेथेच, भांड्याजवळ बसले आणि खाऊ लागले. दात नसलेल्या माणसाचे खाणे सावकाश असते. त्यांनी मान वर केली नाही. एकदा घास अडकला तेव्हा पत्नीने पाणी पुढे केले. ताट निम्मे झाल्यावरही त्यांनी ते सारले नाही. तिने आपल्यासाठी वाढून घेतले नव्हते. त्यांनी बोटानेच भांड्याकडे खूण केली. ती वाढून घेऊन त्यांच्यासमोर बसली.

उपाशी पोटाला एवढे अन्न सोसणार नाही, थोडे ठेवा, असे मी सांगणार होतो. सांगितले नाही. रात्रीतून त्यांना ते उलटले आणि पुढचे दोन दिवस तिने त्यांना पातळ दिले. त्यानंतर ते रोज जेवले. पाऊस आला तोवर जगले, आणि त्यानंतर आणखी काही वर्षे जगले. कोणी विचारले तर ते सांगत की छावणीत सुनेने मला वाचवले. बैलाचे नाव ते घेत नसत. त्यामुळे आम्हीही घेतले नाही.

त्या संध्याकाळी जेवण संपल्यावर त्यांनी ताटात हात धुतले. छावणीत खरकटे पाणी कोणी फेकत नसे. ते ताट घेऊन उठले, तरण्या बैलापाशी गेले आणि त्याने ते पाणी पिऊन संपवेपर्यंत त्याच्यापुढे धरून उभे राहिले.